निरसं दूध आणि नर्सिंगची जागा

"तुमची मुलगी खोकत नाही, हे मला मान्य आहे, डॉक्टर. पण ताप येतो की नाही?"

पुण्याच्या नर्सिंग कॉलेजच्या मेट्रनबाई फोनवर होत्या आणि मी बारामतीच्या आमच्या ऑफिसात. लाइन खरखरत होती, त्यामुळे दोघीही भांडल्यासारख्या बोलत होतो. खरं तर भांडतच होतो.

"येतो," मी म्हटलं.

"संध्याकाळी? घाम येऊन उतरतो?"

"हो."

"टीबीच्या गोळ्या चालू आहेत?"

"आहेत. पण तिला टीबी आहे असं मला वाटत नाही."

"तुम्हाला काय वाटतं त्यावर मी होस्टेलमध्ये कॉट टाकू का? माझ्या एका खोलीत आठ मुली झोपतात. उद्या एकीचा बाप आला भांडायला, तर तुम्ही येणार आहात बारामतीहून?"

बाईंचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते, आणि यापेक्षा मोठ्यानं. पण फोन ठेवल्यावर माझं डोकं तापलं ते तापलंच. राग माझ्या नाकावर असतो, हे माझ्या हाताखाली काम केलेली माणसं अजून सांगतात.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी एका विद्यापीठाच्या फाउंडेशनमध्ये आरोग्य विभागाची डॉक्टर होते. फाउंडेशन म्हणजे काय, तर विद्यापीठाचे जुने विद्यार्थी, कारखानदार, चार भली माणसं देणग्या देतात. त्या विद्यापीठाच्या रोजच्या खर्चात मिसळायच्या नाहीत म्हणून एक वेगळी संस्था काढतात. ती संस्था तीन कामं करायची. विद्यापीठातल्या संशोधकांना फेलोशिप द्यायची, म्हणजे काही वर्षं त्यांनी पोटाची काळजी न करता संशोधन करावं. गावाकडच्या हुशार मुलामुलींना स्कॉलरशिप द्यायची. आणि बारामती-इंदापूर भागात आरोग्याचं काम करायचं. हे तिसरं काम माझ्याकडे. जीपमधून गावोगाव फिरायचं, बायकांचं रक्त तपासायचं, कुणाच्या अंगात रक्त कमी आहे ते बघायचं, गोळ्या द्यायच्या आणि त्या त्यांनी गिळल्या की कोनाड्यात ठेवल्या याचा पाठपुरावा करायचा.

मंगल आमच्या स्कॉलरशिपमध्ये निवडली गेलेली मुलगी. गाव वरकुटे, तालुका इंदापूर. रोज एसटीनं जाऊन-येऊन तिनं बारावी सायन्स केलं होतं. त्यांच्या भावकीत बारावीला बसलेली ती पहिलीच मुलगी. मुलाखतीला मी होते. "नर्सच का व्हायचंय?" असं विचारल्यावर बाकीच्या मुलींनी सेवेवर भाषणं ठोकली. ही म्हणाली, "मला रक्ताची भीती वाटत न्हाय, मॅडम." मला ती तिथंच आवडली. नर्सिंगचा साडेतीन वर्षांचा कोर्स, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फाउंडेशन करणार होतं. सगळं ठरलं आणि मेडिकल फिटनेसला माशी शिंकली.

ताप तिला बरेच महिने येत होता. बारावीच्या अभ्यासाचा ताण म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. मग कंबर धरायला लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी टायफॉइडची औषधं दिली, मलेरियाची दिली, शेवटी टीबीची सुरू केली. आणि गंमत अशी की त्या औषधांनी तिला बरं वाटायला लागलं! पंधरा दिवसांत ताप गेला. डॉक्टर म्हणाले, बघा, टीबीच होता. महिन्याभरानं ताप परत. मग औषध वाढवलं. परत बरं, परत ताप.

मी तिला अंथुर्ण्याच्या आमच्या कॅम्पात तपासलं होतं. एक्स-रे स्वच्छ. थुंकी तपासलेली, तीही स्वच्छ. भूक बरी. वजन फारसं घटलेलं नाही. टीबी माणसाला असा अर्धवट धरत नाही. पण मग आहे काय, हे मला सांगता येत नव्हतं, आणि "टीबी नाही" एवढं म्हणून मेट्रनबाईंचं समाधान होणार नव्हतं. का व्हावं?

दुसऱ्या दिवशी आमच्या संचालकांचा फोन. जोगळेकर सर. विद्यापीठातून रिटायर झालेले प्राध्यापक, स्वभावानं सज्जन, पण फायलीच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना दरदरून घाम फुटायचा.

"डॉक्टर, वेटिंग लिस्टवर दुसरी मुलगी आहे. तीही गरजू आहे, तब्येतीनं धडधाकट आहे. मंगलवर आपण उपचार करूच. पण जागा अडवून का ठेवायची?"

"सर, टीबीवाली म्हणून ही मुलगी घरी परत गेली ना, तर ती परत येणार नाही. कॉलेजात नाही आणि सासरीही नाही. कोण करणार तिला?"

"मग काय आहे तिला, ते सांगा मला. पंधरा दिवसांत."

"सांगते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. काय सांगणार होते, देव जाणे.

मी जीप काढायला लावली आणि वरकुट्याला गेले. पेशंट कॅम्पात बघणं वेगळं आणि घरात बघणं वेगळं. कॅम्पात माणूस धुतलेले कपडे घालून येतो आणि धुतलेली उत्तरं देतो.

मंगलचे वडील तात्या दारातच भेटले. पांढरा शर्ट, पायजमा, टोपी. स्वागत जोरात केलं, पण आवाज एकदम खाली. "आत या, आत या. भाईर नगं बोलायला. भावकी लई वंगाळ हाय आमची."

आत गेले. मंगल उठून उभी राहिली. तिची आई हौसाबाई चुलीपाशी होती. मला आधी दिसलं ते असं, की मंगलचं ताट, वाटी, पेला वेगळ्या फळीवर होतं. पलीकडं, गोठ्याच्या भिंतीला. टीबी म्हटलं की घरोघर हेच होतं.

मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. पाणी कुठलं? कॅनॉलचं की विहिरीचं? घरात आणखी कुणाला ताप? कुणाचीच काही तक्रार नव्हती. जनावरं किती?

"दोन बैलं, एक म्हस," तात्या म्हणाले.

"मेंढरं?"

तात्यांची मान ताठ झाली. "मेंढरं आमच्या आज्याच्या वक्ताला व्हती, बाई. पाणी आलं, ऊस आला, मेंढरं मोडली. आता आमी कारखान्याचं सभासद हाय. आमच्या घरात काठी-घोंगडं घेऊन कोन रानोमाळ हिंडत न्हाय."

हा प्रश्न आपण का विचारला, असं मला झालं. माणूस दोन पिढ्या खपून जिथून वर आला, तिथंच त्याला परत नेऊन उभं केल्यासारखं झालं. मी विषय बदलला.

तेवढ्यात हौसाबाई परसातून आल्या. एका हातात एक पेला, दुसऱ्या हातात दुसरा. दोन्हीवर हा एवढा फेस. एक त्यांनी मंगलच्या हातात दिला आणि एक माझ्यापुढं धरला.

"घ्या बाई. आत्ता काढलंय, कोमट हाय तंवर घ्या."

"म्हशीचं?"

"न्हाय, शेळीचं. म्हशीचं सगळं डेरीला जातंय."

मी तात्यांकडे बघितलं. "तात्या, शेळ्या आहेत?"

"हायत की चार." तात्यांना आश्चर्य वाटलं. "त्या काय जनावरात धरायच्या? बायकांचं असतंय ते."

मी पेला हातात धरून बसले. उकळलेलं नव्हतं, थेट धार काढलेलं. आमच्याकडे त्याला निरसं दूध म्हणतात. आणि निरसं दूध म्हणजे औषध. माझं माहेर कऱ्हाटी. जिरायत भाग, घरोघर शेळ्या. आमच्याही घरात शेळीचं दूध सगळ्यांना चहात मिळायचं. निरसं मिळायचं ते फक्त आजाऱ्याला, नाहीतर तालमीत जाणाऱ्याला, नाहीतर बाळंतिणीला. मला लहानपणी त्या पेल्याचा फार हेवा वाटायचा.

मंगलनं पेला तोंडाला लावला.

"थांब," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं असणार, कारण ती दचकली. मी उठून तिच्या हातातला पेला काढून घेतला. हौसाबाईंचं तोंड एवढंसं झालं.

"का वो?"

"हे रोज देता तिला?"

"दोन टायम. बारावीला बसली तवापासनं. आजारी पडल्यापासनं तर जास्तच. डॉक्टरनंच सांगितलंय, शेळीचं निरसं दूध द्या, छातीला चांगलं असतंय म्हून."

"आणि बाकीचे?"

"आमाला कुठलं? आमचं आपलं च्यात."

म्हणजे घरात दूध एकच. सगळ्यांचं उकळून पोटात जातंय, हिचं तेवढं कच्चं. आणि आजारी तेवढी हीच. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, पण उजेड पडला म्हणून लगेच बोलायचं नसतं. आधी खात्री करायची असते.

मी हातातले दोन्ही पेले खाली ठेवले आणि तिथं माझं चुकलं. तात्यांनी त्या पेल्यांकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घरचं चालत न्हाय व्हय, बाई?"

अशा वेळी लेक्चर देऊन चालत नाही. "चालतं की. पण मी चहाबाज माणूस आहे, तात्या. ह्याच दुधाचा करा, पाणी न घालता. कपभर नको, दोन कप." हौसाबाईंनी चहा टाकला. मी दोन कप प्याले. उन्हात, घामाघूम होऊन. तात्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, तेव्हा मी पुढचा प्रश्न विचारला.

"वहिनी, शेळ्या गाभडतात का हो?"

गाभडणं म्हणजे दिवस भरायच्या आत पिल्लू पडणं. हौसाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. डॉक्टरीण असलं काही विचारेल असं त्यांना वाटलं नसावं.

"चांदी दोन येळा गाभडली. तिची लेक, ती पाठ बी गाभडली औंदा."

"मग वार कोण काढतं?"

पिल्लामागून जी वार पडायची असते, ती कधी कधी अडकते. मग कुणीतरी हात घालून काढावी लागते.

"मंगल काढती," आई कौतुकानं म्हणाली. "हात बारीक हायत तिचं. आन रक्ताला भीत न्हाय पोरगी."

मी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. मंगलचं रक्त काढलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं आणि निघताना हौसाबाईंना एवढंच सांगितलं, "रक्ताचा निकाल येईपर्यंत हिला निरसं द्यायचं नाही. हिलाही चहाच."

"आजारी लेकराला च्या?" त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं मी वेडी होते.

मला संशय होता ब्रुसेलाचा. हा शेळ्या-मेंढ्यांचा, गाई-म्हशींचा जंतू. जनावरात शिरला की ते गाभडतं. कच्च्या दुधातून किंवा वार काढणाऱ्या हातातून तो माणसात येतो. माणसाला महिनोन्‌महिने ताप, घाम, कंबरदुखी. बाहेरून बघाल तर हुबेहूब टीबी. त्यातून टीबीची काही औषधं या जंतूलाही थोडीफार मारतात. म्हणून मंगलला बरं वाटत होतं. अर्धे जंतू मरायचे, अर्धे दडून बसायचे, आणि वरून रोज दोन पेले नवे जंतू पोटात जायचे.

तपासणी कुठं करायची हा प्रश्न होता. माणसांच्या लॅबमध्ये तेव्हा ही टेस्ट सहसा होत नसे. आणि मग मला आठवलं, की आमच्याच फाउंडेशनच्या फेलोशिपवर शिरीष नावाचा एक सूक्ष्मजीवशास्त्राचा मुलगा मेंढपाळांच्या कळपांतल्या गर्भपातांवर काम करतो. त्याची खोली जोगळेकर सरांच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर. सरांना भेटायला मी कितीदा तिथं गेले असेन, पण तो जिना कधी चढले नव्हते.

मी पुणे गाठलं.

"मॅडम, माझ्याकडे जनावरांच्या रक्ताची परवानगी आहे," शिरीष म्हणाला. "माणसाचं रक्त रिसर्चसाठी घ्यायचं तर कमिटीपुढे जावं लागेल."

"रिसर्च करू नकोस. मी तिची डॉक्टर आहे, तिच्या बापाला विचारून रक्त काढलंय, तू फक्त टेस्ट कर. तुझ्या थिसिसमध्ये घालू नकोस म्हणजे झालं."

"पण ऊसवाल्या गावात ब्रुसेला? मी तिकडचे नमुनेच घेतले नाहीत. तिथं आता मेंढपाळ राहिले नाहीत."

"शेळ्या राहिल्यात," मी म्हटलं.

तो बिचारा तयार झाला. टेस्ट दिसायला साधी. काचपट्टीवर रक्तातल्या पाण्याचा, म्हणजे सीरमचा एक थेंब घ्यायचा. त्यात मारलेल्या ब्रुसेला जंतूंचं गुलाबी औषध मिसळायचं आणि काच हळूहळू डोलवायची. अंगात हा आजार नसेल तर थेंब गुलाबीच राहतो. असेल तर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात.

"शेजारी एक नक्की निरोगी नमुना हवा," शिरीष म्हणाला.

मी बाही वर केली. "माझं घे. निरोगी आहे की नाही तेही कळेल."

दोन थेंब शेजारी शेजारी. शिरीष काच डोलवत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. माझा थेंब सरबतासारखा गुलाबी राहिला. मंगलचा बघता बघता फाटला. शिरीष काचेकडे बघत पुटपुटला, "च्यायला!" मग माझ्याकडे बघून जीभ चावली.

"तेच म्हणते मी," मी म्हटलं.

पक्कं करायला नळ्यांमधली दुसरी टेस्ट केली, ती दुसऱ्या दिवशी वाचायची असते. तीही जोरदार पॉझिटिव्ह. मी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते हसायलाच लागले. "अहो, दूध चालू ठेवा म्हणून मीच बजावलं होतं की!" मनाचा मोकळा माणूस. टीबीची औषधं बंद करायला लगेच हो म्हणाले.

मी जिना उतरून थेट जोगळेकर सरांसमोर बसले.

"निदान झालं, सर. टीबी नाही. हा माणसाकडून माणसाला जात नाही. सहा आठवड्यांचं औषध आहे. जागा ठेवा."

सरांनी चष्मा काढला. "अभिनंदन. पण डॉक्टर, हे बसवायचं कशात? तुमचा हेल्थचा निधी बायकांच्या अॅनिमियासाठी मंजूर आहे. शिरीषची फेलोशिप जनावरांसाठी आहे. आणि स्कॉलरशिपचा नियम सांगतो, उमेदवार फिट पाहिजे. तीन कमिट्या आहेत."

"सर, मुलगी एकच आहे. तिचे तीन तुकडे करून तीन कमिट्यांपुढे ठेवू का?"

सरांना राग आला. मलाही आला होता. मग सर म्हणाले, "वेटिंगवरच्या मुलीला मी काय सांगू?"

"पुढच्या वर्षी पहिला नंबर तिचा ठेवा. तिचं एक वर्ष जाईल. मंगलचं सगळंच जाईल."

सरांनी पेन उघडलं. "ठीक. गणपतीनंतर वर्ग सुरू होतात. त्या दिवशी मेट्रनबाई स्वतः ताप बघतील. ताप निघाला तर जागा गेली. मग तुम्ही माझ्याकडे यायचं नाही."

"नाही येणार," मी हसून म्हटलं.

"आणि हे तुम्ही हसत हसत बोलताय म्हणून सांगतो, मी हे लेखी घेणार आहे."

परत वरकुटे. या वेळी मी तात्यांना आत नाही, ओट्यावरच सांगितलं. जोरात. "तात्या, मंगलला टीबी नाही!"

"न्हाय?"

"नाही."

"न्हाय म्हंजी, बरा झाला?"

"नव्हताच. कधीच नव्हता."

तात्या ओट्यावर बसले. टोपी काढली, परत घातली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचेना. मग उठले, आत गेले, गोठ्याच्या भिंतीवरची ती फळी रिकामी केली, आणि मंगलचं ताट, वाटी, पेला घरच्या भांड्यांत नेऊन ठेवला. मंगल दारात उभी राहून बघत होती. तेव्हा ती पहिल्यांदा रडली. आजारानं रडली नव्हती पोरगी.

हौसाबाई मात्र रडल्या नाहीत. त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "मग काय हाय तिला?"

मी सांगितलं. शेळीचा आजार, निरसं दूध, वार. शक्य तेवढं सरळ सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी मीच पाजला."

"वहिनी, तुम्ही औषध म्हणून पाजलंत. डॉक्टरनं सांगितलं होतं. माझ्या आईनं हेच केलं असतं."

"तुमच्या आईनं क्येलं न्हाय. मी क्येलं." आणि मग एकदम भडकल्या. "सगळा गाव सांगत व्हता पाज, पाज. मी माझ्या तोंडचं काढून तिला पाजलं! आता तुमी शिकल्याली मानसं येनार आन सांगनार, तूच वंगाळ!"

एरवी माझ्यावर कुणी असं ओरडलं तर मी दुप्पट ओरडते. त्या दिवशी ऐकून घेतलं. बाईचा राग माझ्यावर नव्हताच. वाईट मलाही फार वाटत होतं, पण तिच्या दुःखावर माझ्याकडे गोळी नव्हती. मुलीच्या आजारावर होती. मी ती काढून दिली.

रोज एक इंजेक्शन, सोबत सहा आठवडे गोळ्या. इंजेक्शन घ्यायला मंगल एसटीनं अंथुर्ण्याला यायची. पहिला आठवडा ताप हलला नाही. दुसऱ्यात उलट एक दिवस वाढला. शिरीषचा फोन आला, "मॅडम, कसं आहे?" मी म्हटलं, "उत्तम." फोन ठेवला आणि पदरानं घाम पुसला. माझा आत्मविश्वास दांडगा, पण दुसऱ्याच्या मुलीच्या जिवावर तो मिरवायचा म्हणजे रोज रात्री पुस्तकातला डोस परत ताडून बघावा लागतो. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ताप उतरायला लागला. तिसऱ्यात गेला. कंबर सुटली. चौथ्या आठवड्यात मंगल एसटीतून उडी मारून उतरली, तेव्हा मीच तिला ओरडले.

हौसाबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. पण तात्या सांगायचे, "दूध असं उकळवती, भांडं करपतंय. शेजारनीला बी दम देती. परवा एकीचा पेला हिसकून घेतला तिनं."

वर्ग सुरू व्हायच्या दिवशी मी मुद्दाम पुण्याला गेले. तात्या, मंगल आणि ट्रंक, तिघं एसटीनं आले होते. इंदापूर ते पुणे उभ्यानं. मंगलचा चेहरा लालबुंद. मी कपाळाला हात लावला. गरम लागलं.

मेट्रनबाई बाहेर आल्या. फोनवर जेवढ्या करड्या, तेवढ्याच समोर. मंगलकडे नीट बघितलं. मी काही बोलणार, तर मला हातानं थांबवलं.

"उन्हातून आलीय ती. बस गं. पाणी पी. चप्पल काढ, पाय धुऊन ये."

मंगल पाय धुऊन आली. बाईंनी तिला पंख्याखाली बसवलं, आपलं घड्याळ समोर ठेवलं आणि बऱ्याच वेळानं थर्मामीटर तिच्या जिभेखाली ठेवला. तात्या भिंतीला टेकून उभे. ते थर्मामीटरकडे बघत नव्हते, बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. बाईंनी काच उजेडात धरली. झटकली. "परत ठेव."

दुसऱ्यांदा बघितलं.

"नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "हा आजार एकीचा दुसरीला होत नाही, हे लिहून देता?"

"देते."

"सही मोठी करा. बाप भांडायला आला की लांबून दिसली पाहिजे." आणि मंगलला म्हणाल्या, "तू बसून काय राहिलीस? ट्रंक उचल. तिसरी खोली. खिडकीजवळची कॉट रिकामी आहे."

मंगलनं तात्यांकडे एकदा बघितलं आणि ट्रंक उचलली. तात्यांनी हात पुढं केला होता, पण तिनं त्यांना हात लावू दिला नाही. एकटीनं नेली.

पुढं बरंच झालं. शिरीषला कमिटीकडून माणसांच्या रक्ताची परवानगी मिळाली आणि तो ऊसवाल्या गावांतही फिरायला लागला. वरकुट्यात आणि अंथुर्ण्यात आणखी तापकरी सापडले. त्यांतले काही टीबीच्या औषधावर होते. वार काढायला हातमोजे आले आणि वार चुना टाकून पुरायला लोकांना शिकवलं. दूध उकळायला शिकवणं सगळ्यात अवघड गेलं, कारण शेळीचं दूध उकळलं की वास येतो म्हणतात. तिथं माझ्यापेक्षा हौसाबाईंचा दम जास्त चालला. जोगळेकर सरांनी वेटिंगवरच्या त्या मुलीला पुढच्या वर्षी खरंच पहिली घेतली. मंगल पास झाली आणि नोकरीला लागली. हौसाबाई तिच्या निकालाच्या दिवशी माझ्याशी बोलल्या. "च्या घेनार का?" एवढंच. मी घेतला.

नंतर माझ्या हाताखाली बरेच नवे डॉक्टर शिकून गेले. तापाचं कारण सापडेना, की ते घरात शिरून आधी घाण शोधतात. साचलेलं पाणी, उघडी गटारं, माश्या. ते बघावंच. पण मी त्यांना आणखी एक प्रश्न विचारायला लावते. या घरात सगळ्यात लाडकं कोण आहे, आणि त्याला बाकीच्यांपेक्षा वेगळं काय देता? लोक ते आनंदानं सांगतात. ऐकताना आपण मात्र चेहरा सरळ ठेवायचा.